चिठ्ठी, नकाशा आणि आकडा

तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेत पहिली चढाई होण्याआधी एक छोटा कार्यक्रम असतो. शाळांची नावं वहीच्या कागदावर लिहून चिठ्ठ्या करतात, त्या डब्यात टाकतात आणि एकेक काढून भाग्यपत्रिका भरतात. भाग्यपत्रिका म्हणजे ड्रॉ, कोण कुणाशी खेळणार त्याचा तक्ता. हा शब्द मराठी पेपरांच्या क्रीडापानावर इतका रुळलाय की त्यातलं 'भाग्य' आपल्याला ऐकू येत नाही. मी बोदवडचा. आमच्याकडच्या स्पर्धांमध्ये बरीच वर्षं गुणलेखकाच्या टेबलावर बसतो, म्हणून मला ते ऐकू येतं. गेल्या काही वर्षांत तिथे एक वाक्यही वारंवार कानावर पडतं: "सर, हे चिठ्ठ्यांचं बंद करा. कॉम्प्युटरला द्या ना. तो तरी कुणाचा नातेवाईक नाही."

बोलणारी पोरं ऑनलाइन गेममध्ये रँक बघत मोठी झालेली आहेत. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक खेळाडूला एक आकडा असतोच. मग शाळेच्या संघाला का नको? प्रश्न रास्त आहे. आणि त्याला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, तोच इथे सांगायचा आहे.

त्याआधी एक गोष्ट. शाळेतल्या खेळाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे शालेय खेळाची शिडी ठरलेली आहे: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण तुम्ही या शिडीच्या कितव्या पायरीपर्यंत चढलात त्यावर ठरतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठीही वरच्या पायरीचं प्रमाणपत्र लागतं. कापसाच्या हंगामात आईबरोबर वेचणीला जाणाऱ्या पोरीसाठी ही शिडी म्हणजे गंमत नाही. आणि कुठल्या पायरीवर तिची गाठ कुणाशी पडते, हे त्या तक्त्यावर ठरतं.

चिठ्ठी

समजा, तालुक्याला आठ संघ आले. सोयीसाठी असंही धरू की चांगला संघ नेहमीच जिंकतो. मग सगळ्यात चांगल्या संघाला चिठ्ठीची भीती नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचं काय? तो तक्त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात पडला तरच अंतिम फेरीत जाईल. उरलेल्या ७ जागांपैकी ४ तिकडे आहेत. म्हणजे ७ पैकी ३ वेळा तो आधीच बाद होणार आणि उपविजेतेपद त्याच्याहून कच्च्या संघाला मिळणार. सगळ्यात चांगले चार संघ उपांत्य फेरीत एकत्र दिसण्याची शक्यता तर ३५ पैकी ८, म्हणजे साधारण २३ टक्के. पंच चोख, गुणलेखक चोख, कुणाचाही पक्षपात नाही, तरीही.

हे गणित नवं नाही. 'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणारे लुईस कॅरल ऑक्सफर्डला गणित शिकवायचे, त्यांचं खरं नाव चार्ल्स डॉजसन. लॉन टेनिसच्या स्पर्धांमध्ये बक्षिसं कशी चुकीची वाटली जातात यावर त्यांनी १८८३ साली एक पुस्तिका छापली. ३२ खेळाडूंच्या बाद पद्धतीत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसरं बक्षीस मिळण्याची शक्यता ३१ पैकी १६ आहे, म्हणजे जवळजवळ नाणेफेक, असं त्यांनी दाखवलं. त्यांचा उपाय असा: एका पराभवाने कुणाला घरी पाठवू नका. तुम्हाला ज्याने हरवलं तो तुमच्यापेक्षा वरचा, आणि त्याला ज्याने हरवलं तोही तुमच्यापेक्षा वरचा. असे तीन वरचे निघाले की मगच तुम्ही बाद.

कागदावर हे फार सुंदर आहे. पण स्पर्धा भरवणाऱ्यांना सोपी वाट हवी होती. ती म्हणजे चांगले खेळाडू कोण ते आधीच ठरवायचं आणि त्यांना तक्त्यात एकमेकांपासून लांब बसवायचं. यालाच आपण मानांकन म्हणतो. विम्बल्डनने १९२७ साली गुणवत्तेनुसार मानांकन सुरू केलं. मराठी बातम्यांत क्रमवारी आणि मानांकन हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी येतात, पण फरक महत्त्वाचा आहे. क्रमवारी म्हणजे तुम्ही आजवर काय केलंत त्याची नोंद. मानांकन म्हणजे त्या नोंदीवरून या स्पर्धेत तुम्हाला दिलेली जागा.

म्हणजे चिठ्ठी गेली आणि 'चांगला कोण' हे ठरवणारा माणूस आला. माणूस आला की भांडण आलं. विम्बल्डनची समिती हिरवळीवरचा खेळ लक्षात घेऊन मानांकन स्वतःच्या अंदाजाने पुढेमागे करायची. मातीच्या कोर्टवर तयार झालेल्या स्पेनच्या खेळाडूंना ते जाचायचं. २००० साली त्यांच्यातल्या काहींनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी मानांकित खेळाडू १६ वरून ३२ झाले आणि २००२ पासून पुरुषांसाठी अंदाजाऐवजी जाहीर सूत्र आलं: क्रमवारीचे गुण, त्यात गेल्या १२ महिन्यांत हिरवळीवर मिळवलेल्या गुणांची पुन्हा भर, शिवाय त्याआधीच्या १२ महिन्यांतल्या हिरवळीवरच्या सर्वोत्तम स्पर्धेचे ७५ टक्के. हे सूत्र २०१९ पर्यंत चाललं. सगळे त्यावर खूश होते असं नाही. पण आपलं नाव तिथे का आहे हे कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन ताडता येत होतं.

नकाशा

चिठ्ठ्या टाकण्याच्याही आधी एक ड्रॉ होऊन गेलेला असतो. तो नकाशा काढतो.

आपल्याकडचं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण रणजी करंडकाचं. स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि पुढे अनेक दशकं विभागवार खेळली गेली. १९५७-५८ पासून प्रत्येक विभागात साखळी सामने होऊन फक्त पहिला संघ बाद फेरीत जाऊ लागला. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. यातला 'महाराष्ट्र' म्हणजे मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेल्या राज्याचा संघ. आमचं खानदेशही त्यातच. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली लागोपाठ दोनदा, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, रणजी जिंकलेला हा संघ होता. पण १९५८-५९ पासून मुंबईने ओळीने १५ वर्षं करंडक जिंकला. हिशेब सरळ आहे. विभागातून एकच संघ पुढे जाणार आणि तो मुंबईचा, म्हणजे महाराष्ट्राचा हंगाम दर वर्षी विभागातच संपणार. देशात तो दुसऱ्या क्रमांकाचा असला काय आणि दहाव्या क्रमांकाचा असला काय, निकालाच्या तक्त्यात फरक दिसणारच नव्हता.

१९७०-७१ मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. त्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना झाला मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मुंबई ४८ धावांनी जिंकली. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर तेव्हा वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते आणि सुधीर नाईक कर्णधार होते, हेही सांगायला हवं. एका वर्षावरून सिद्धान्त मांडू नये. पण देशातले त्या वर्षीचे शेवटचे दोन संघ एकाच विभागातले निघाले आणि आदल्या वर्षीच्या नियमाने त्यांतला एक आधीच घरी बसला असता, एवढं तर दिसतंच.

आता हाच चष्मा लावून बोदवडकडे बघा. बोदवड आधी भुसावळ तालुक्यात होतं. १९९९ साली वेगळा तालुका झाला. त्याची चर्चा तहसील कचेरी, सातबारा, रेशन कार्ड अशा अंगाने होते आणि ते बरोबरच आहे. पण शाळेच्या मैदानावर त्या रेषेचा अर्थ वेगळा. जिल्ह्याला जायचं तर आधी तालुका जिंकायचा. भुसावळ रेल्वेचं मोठं जंक्शन, मोठ्या शाळांचं शहर. नवी रेषा आखली गेली आणि बोदवडच्या पोरांना जिल्ह्याचं स्वतःचं दार मिळालं. खेळ तोच, पोरं तीच, चढाई तशीच. बदलली ती सीमा. २००३ साली जळगावची महापालिका झाली तेव्हाही असंच घडलं. आता विभागीय स्पर्धेत जळगाव महापालिकेचा संघ वेगळा आणि जळगाव जिल्ह्याचा वेगळा.

म्हणून 'कॉम्प्युटरला द्या' असं कुणी म्हणतं तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो: नकाशा आखून झाल्यावर द्यायचं की आधी?

आकडा

कॉम्प्युटर खेळात न्याय करायलाच आला, हे मान्य करायला हवं. व्यावसायिक टेनिसमध्ये कुणाला प्रवेश द्यायचा हे पूर्वी बऱ्याच अंशी आयोजकांच्या हातात असे. नाव मोठं, तिकीट खपवणारा, की आत घ्या. खेळाडूंच्या संघटनेने २३ ऑगस्ट १९७३ रोजी पहिली कॉम्प्युटर क्रमवारी काढली. पहिला क्रमांक रुमानियाचा इली नास्तासे. ओळख नसलेल्या पोरासाठी तो छापील कागद म्हणजे ढाल होती.

बुद्धिबळात हे काम अर्पाद एलो यांनी केलं. जन्म हंगेरीचा, नोकरी अमेरिकेत मिल्वॉकीला भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. कल्पना सोपी आहे. दोघांच्या गुणांतल्या फरकावरून अपेक्षा काढायची. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने १०० पैकी साधारण ७६ गुण मिळवावेत. अपेक्षेपेक्षा चांगलं खेळलात तर तुमचा आकडा वाढतो, वाईट खेळलात तर घटतो. तुमच्या मोबाइलवरच्या बऱ्याच गेममधली रँक याच कल्पनेची नातवंडं आहेत.

शाळांच्या स्पर्धांपर्यंत कॉम्प्युटर पोचला तो अमेरिकेत. तिथल्या अनेक राज्यांत हायस्कूलच्या बाद फेरीचं मानांकन सूत्राने ठरतं. त्यातलं एक गाजलेलं सूत्र कॉलेजच्या बास्केटबॉलमधून आलं, १९८१ पासून वापरलेलं. संघाचा गुणांक तीन भागांचा: २५ टक्के स्वतःच्या विजयांचं प्रमाण, ५० टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांचं प्रमाण आणि २५ टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं. तुम्ही किती जिंकलात यापेक्षा कुणाशी खेळलात याला जास्त वजन. वरकरणी फार शहाणपणाचं. पण त्यातून अशी गंमत होते की कच्च्या संघाला हरवूनही तुमचा गुणांक खाली येऊ शकतो. खुद्द कॉलेज बास्केटबॉलने २०१८ मध्ये हे सूत्र बाजूला ठेवलं.

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये तर १९९८ ते २०१३ अंतिम सामन्यातले दोन संघ मतदान आणि कॉम्प्युटर मिळून निवडायचे. २००१ च्या हंगामात नेब्रास्का संघ साखळीतला शेवटचा सामना कोलोरॅडोकडून ३६-६२ असा हरला आणि तरीही आकडेमोडीने अंतिम सामन्यात गेला. मतदारांनी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलेला ओरेगन बाहेर. नेब्रास्का अंतिम सामना ३७-१४ ने हरला. पुढच्या हंगामापासून कॉम्प्युटरने विजयाचं अंतर मोजायचं नाही असं ठरलं, कारण अंतर मोजलं की दुबळ्या संघाला उगाच तुडवण्याला बक्षीस मिळतं.

कबड्डी खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. लोणवर लोण चढवून ५० गुणांनी जिंकायचं की राखीव पोरांना उतरवून १५ नी जिंकायचं? सूत्र अंतर मोजत असेल तर राखीव पोरं बाकावरच राहणार. प्रो कबड्डीत बरेच हंगाम ७ किंवा कमी गुणांनी हरणाऱ्यालाही एक गुण मिळायचा, त्यामुळे हरणारा संघ शेवटच्या मिनिटाला जिंकण्याऐवजी अंतर राखायला खेळताना आपण पाहिलाय. मोजमाप बदललं की खेळ बदलतो.

त्याच फुटबॉलमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट डिसेंबर २०१० ची. सहा कॉम्प्युटर क्रमवाऱ्यांपैकी बहुतेकांची सूत्रं गुप्त होती. वेस कॉली यांची मात्र पूर्ण जाहीर. जेरी पाम नावाच्या जाणकाराने ती पडताळली तेव्हा दिसलं की खालच्या गटातल्या एका सामन्याचा निकाल भरायचाच राहिलाय. तो भरल्यावर दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावरच्या दोन बड्या संघांची अदलाबदल झाली. त्या सामन्याशी दोघांचा थेट संबंधही नव्हता. चूक सापडली कारण सूत्र उघडं होतं. बाकीच्यांत चुका होत्या का, हे तपासायची सोयच नव्हती.

डबकं

आता हे सगळं घेऊन जळगाव जिल्ह्यात येऊ. तालुके १५. समजा, एका वयोगटात प्रत्येक तालुक्याचा एक विजेता संघ जिल्ह्याला आला. बाद पद्धतीने १४ सामन्यांत विजेता ठरतो. पहिल्या फेरीत ७ सामने, एका संघाला पुढे चाल. सात तालुक्यांचे संघ एसटीने आले, एक सामना खेळले आणि संध्याकाळी परत. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर १०५ सामने लागतील.

कॉम्प्युटरला या १५ संघांची क्रमवारी लावायला सांगितली तर त्याच्याकडे काय आहे? तालुक्याच्या आतले निकाल. आणि तिथेच मेख आहे. सहा शाळा आपापसात साखळी खेळल्या तर १५ सामने होतील, १५ विजय आणि १५ पराभव. सरासरी बरोबर अर्धी. संघ राज्यात गाजणारे असोत की नवशिके, आतल्या आत खेळलेल्या गटाची सरासरी नेहमी अर्धीच येणार. बोदवडचा विजेता चाळीसगावच्या किंवा रावेरच्या विजेत्यापेक्षा सरस की कच्चा, हे सूत्राला या आकड्यांतून दिसूच शकत नाही. ते दिसण्यासाठी तालुक्यांना एकमेकांशी जोडणारे सामने लागतात आणि तसे सामने वर्षाकाठी १४.

त्यात शाळेचा संघ म्हणजे वाहतं पाणी. सतरा वर्षांखालची पोरं दोन वर्षांत निघून जातात. गेल्या वर्षीच्या निकालावरून मानांकन दिलं तर मान शाळेच्या नावाला मिळतो, आणि तो ज्यांनी कमावला ते आयटीआयला किंवा पुण्याला गेलेले असतात.

हे डबक्याचं दुखणं फक्त गरीब तालुक्यांचं नाही. बुद्धिबळासारख्या काटेकोर खेळातही ते झालं. झपाट्याने सुधारणारी नवी मुलं आपापसातच खेळत राहिली, त्यांची ताकद वाढली आणि आकडे मागे राहिले. शेवटी फिडेने १ मार्च २०२४ पासून २००० च्या खालच्या सगळ्यांचे गुण एकदा वर सरकवले: २००० ला जितके कमी पडतात त्याच्या ४० टक्के वाढवायचे. म्हणजे १५०० वाल्याचे १७०० झाले. जागतिक संघटनेने आपलाच आकडा चुकल्याचं कबूल केलं, असंच मी याला म्हणेन.

आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषकात उतरली तेव्हा तिचं मानांकन होतं १५. तिने अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून चषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. मानांकन चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तोवरच्या डावांवरून ते बरोबरच असेल. मुद्दा हा की पंधराव्या जागेवरून तिला पुढचे डाव खेळायला मिळाले. पंधरावं मानांकन म्हणजे 'पुढच्या वर्षी या' असं तिला कुणी सांगितलं नाही.

मग करायचं काय

टेबलावरच्या पोरांना मी सांगतो ते असं. कॉम्प्युटर कुणाचा नातेवाईक नाही हे खरं. पण त्याने जे पाहिलंय त्यापलीकडचं तो सांगू शकत नाही. मोठ्या शहरातल्या शाळेला निमंत्रित स्पर्धा, क्लब, सरावसामने मिळतात. तिचे आकडे भरगच्च. बोदवडच्या शाळेचे वर्षभरात मोजून चार-पाच सामने. अशा वेळी सूत्र ज्याची नोंद जास्त त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतं. त्यात सूत्राचा दोष नाही, पण परिणाम पक्षपाताचाच.

चिठ्ठीत एक गुण आहे जो गुप्त सूत्रात नाही. ती सगळ्यांसमोर उघडते. हरलेल्या पोरीला आपण का हरलो याबद्दल शंका राहत नाही, नशीब वाईट एवढंच राहतं. तिच्या जागी कुणालाच न समजणारा आकडा ठेवला तर नशिबाचा दोष तिच्या गुणवत्तेवर जाईल. 'कॉम्प्युटरनेच तुम्हाला शेवटी ठेवलंय' हे वाक्य चिठ्ठीपेक्षा जास्त लागतं.

म्हणून माझी मागणी उलट्या क्रमाने आहे. आधी सामने वाढवा. जिल्ह्याच्या १५ संघांचे चार गट करा, तीन गट चार-चारांचे आणि एक तिघांचा. गटात साखळी खेळवली तर २१ सामने होतात. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ घेऊन पुढची बाद फेरी ७ सामन्यांची. एकूण २८, म्हणजे आजच्या दुप्पट. शालेय वयोगटाचे सामने छोटे असतात आणि मैदानं दोन आखली तर हे जमण्यासारखं आहे. खर्च वाढेल, मुक्काम लागेल, मुलींच्या राहण्याची नीट सोय करावी लागेल. पण मग कुठलाही तालुका एका सामन्यात घरी जाणार नाही, आणि एका वाईट चिठ्ठीने कुणाचं वर्ष संपणार नाही.

दुसरं, गुणपत्रकं जपा. आज सामना संपला की कागद फायलीत जातो आणि फाइल कपाटात. फोटो काढून एका ठिकाणी टाकायला मोबाइल पुरतो. कॉलीच्या गोष्टीतला तो राहून गेलेला निकाल आठवा. आपल्याकडे सगळेच निकाल राहून गेलेले आहेत.

आणि मानांकन द्यायचंच असेल, मग ते माणसाने ठरवो की कॉम्प्युटरने, तर नियम हंगामाच्या सुरुवातीला शाळेच्या फलकावर लावा, मराठीत, आठवीतल्या पोरीला स्वतःच्या संघाचा हिशेब करता येईल इतका सोपा. तिने हिशेब केला आणि तो चुकला असं वाटलं, तर तिने कुणाकडे जायचं तेही त्याच कागदावर लिहा.